गिनी पिगच्या माद्यांचा माज

रात्री साडेअकराच्या सुमाराला आमच्या हॉलच्या कोपऱ्यातून घूंऽघूं असा आवाज सुरू होतो. स्टीलच्या ताटलीत ठेवलेला मोबाइल व्हायब्रेट झाल्यावर थरथरतो ना, तसा. जाऊन बघावं तर काशी पार्श्वभाग डावी-उजवीकडे झुलवत, एकेक पाऊल सावकाश टाकत गोदाभोवती फेऱ्या घालत असते. गोदा कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. काशी मागून येते, हुंगते आणि सरळ तिच्या पाठीवर चढते. गोदा किंचाळते, सुटते आणि पळता पळता मागचा भाग उचलून काशीच्या तोंडावर मुताची चिळकांडी मारते. काशी पुढच्या दोन पायांनी तोंड पुसते आणि पुन्हा तिच्या मागे लागते.

दोघी माद्या आहेत. हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी घाबरून मध्ये पुठ्ठा घातला आणि दोघींना वेगळं केलं. दुसऱ्या दिवशी त्या गाईगत शांत. पुठ्ठा काढला, तर आदल्या रात्री अर्धवट राहिलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. चूक माझी होती. त्यांच्यात काय चाललंय हे समजून न घेता मी ते तोडलं होतं.

आपल्याकडे या प्रकाराला शब्द आहे, माज. गाय माजावर येते आणि एखाद्याला माज चढतो. एकाच शब्दात शरीराचं चक्र आणि मनाची गुर्मी, दोन्ही. गिनी पिगच्या माद्या पाळायच्या तर हे दोन माज वेगळे ओळखता यायला हवेत, कारण बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. तोच घुमण्याचा आवाज, तेच झुलणं, तेच अंगावर चढणं. कारण मात्र एकदा हुद्द्याचं असतं, एकदा संप्रेरकांचं, आणि कधीकधी आजाराचं. तिन्हींत आपण करायची गोष्ट वेगळी आहे.

त्याआधी एक खात्री मात्र करून घ्या. जिला तुम्ही मादी समजताय ती मादीच आहे ना? दुकानात पिल्लांचं लिंग सर्रास चुकीचं सांगितलं जातं. मुद्दाम फसवतात असं नाही, पण लहान पिल्लांमध्ये फरक खरोखर बारीक असतो. मादीच्या जननेंद्रियाजवळची चीर इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. नराच्या तिथे टिंबासारखा उंचवटा असतो आणि त्याच्या वर हलकं दाबलं की लिंग बाहेर येतं. स्वतःला जमत नसेल तर डॉक्टरांकडून बघून घ्या, पण घ्याच. महिना-दीड महिन्याची मादीसुद्धा गाभण राहू शकते, नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करावं लागतं, आणि गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. म्हणजे दुकानातूनच गाभण आलेली ‘कुमारिका’ दोन महिन्यांनी घरी विते. वर, व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा माजावर येते. त्या वेळी नर पिंजऱ्यात असेल तर अंगावर पिल्लं पीत असतानाच पुढचा गर्भ राहतो. आयुष्यात पहिल्यांदाच सात-आठ महिन्यांच्या पुढे गाभण राहिलेल्या मादीला प्रसूतीत अडण्याचा धोका मोठा असतो, कारण ओटीपोटाच्या हाडांचा सांधा तोवर पुरेसा सैल होईनासा झालेला असतो. त्यामुळे दोन ‘मैत्रिणीं’पैकी एक जरा जास्तच घुमत असेल, तर आधी तिला उलटी करून बघा.

खात्री झाली, दोघी माद्याच आहेत. आता हुद्द्याकडे येऊ.

गिनी पिग हा कळपातला प्राणी. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला, तोही मांसासाठी. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरमध्ये त्याला ‘कुय’ म्हणतात आणि आजही खातात. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि तिथे लाडाचा झाला. हजारो वर्षं माणसाच्या घरात काढूनही कळपाचे नियम त्याच्या अंगातून गेलेले नाहीत. स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या प्राणी संरक्षण नियमांनुसार तर अशा सामाजिक प्राण्याला एकट्याला ठेवता येत नाही. त्याला जातभाई हवाच.

आणि दोघी आल्या की पहिली कोण, हे ठरतंच. आधी गवताला तोंड कोण लावणार, चांगल्या बोगद्यात कोण झोपणार, वाटेत आमनेसामने आल्यावर मागे कोण सरणार. हे ठरवायची त्यांची एक रीत आहे आणि तिला पायऱ्या आहेत. आधी एकमेकींचा मागचा भाग हुंगणं. मग घुमणं आणि झुलणं. मग नाकासमोर नाक आणून माना वर वर ताणणं. जिची मान जास्त उंच ती वरचढ. खालची मान नमली की विषय तिथेच संपतो. नाही नमली, तर दात कटकटतात. हा आवाज बारीक आणि कोरडा असतो, थंडीत आपले दात वाजतात तसा, आणि त्याचा अर्थ ‘आता पुरे’. कधी तोंड उघडून पुढचे दात दाखवतात. जांभई वाटते, पण ती जांभई नसते. पाठलाग होतो, तोंडातलं कोथिंबिरीचं पान ओढून घेतलं जातं, पार्श्वभाग जमिनीला घासून वास सोडला जातो, आणि पाठीवर चढणं होतं. कधी मागून, कधी चक्क डोक्याच्या बाजूने. अशा चढण्याचा पिल्लांशी काही संबंध नसतो.

बायका-मुलं बघत असताना हा प्रकार पाहून घरातल्या मोठ्यांना अवघडल्यासारखं होतं आणि ते मध्ये पडतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. पडू नका. यातली प्रत्येक पायरी पुढची मारामारी टाळण्यासाठी असते. गोदाची ती चिळकांडीसुद्धा भांडण नव्हतं, तो स्पष्ट नकार होता, आणि काशीला तो कळलाही होता. दर वेळी आपण त्यांना वेगळं केलं तर निकाल लागत नाही, आणि निकाल लागला नाही की पहिल्या पायरीपासून पुन्हा सगळं करावं लागतं.

हुद्द्याचा हा माज ओळखायची खूण अशी, की त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. नवीन मैत्रीण आणली, पिंजरा बदलला, जागा आतून पूर्ण धुतल्यामुळे सगळ्यांचे वास गेले, एखादी आजारी पडली किंवा मेली, पिल्लू मोठं होऊन तोंड वर करायला लागलं. त्यानंतर काही दिवस धुमश्चक्री चालते, कधी दोन-तीन आठवडेसुद्धा. मग उतरते आणि खाली राहते.

आता दुसरा माज. हा काही न घडताच येतो.

मादी गिनी पिगचं चक्र साधारण १६ दिवसांचं असतं, एखाद-दोन दिवस मागेपुढे. गाय २१ दिवसांनी माजावर येते, ही १६ दिवसांनी. खरा माज, म्हणजे नराला घेण्याची तयारी, फक्त सहा ते अकरा तासांची आणि बहुतेक वेळा रात्रीची. म्हणूनच दिवसा ऑफिसला जाणाऱ्या माणसाला वाटतं की आपल्या माद्या अधूनमधून अचानक ‘वेड्यासारखं’ करतात. एरवी मादीचा योनिमार्ग एका पातळ पडद्याने बंद असतो. तो फक्त माजाच्या वेळी दोन-तीन दिवस आणि प्रसूतीच्या वेळी उघडतो, मग पुन्हा जुळतो. ही रचना फार थोड्या प्राण्यांत आढळते.

हे चक्र नेमकं उलगडण्याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिचं दुसरं टोक आपल्या आया-बहिणींपर्यंत येतं. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ नावाचे मूळचे ग्रीक संशोधक गिनी पिगवर काम करत होते. त्यांना मादीचं बीज अगदी ठराविक वेळेला हवं होतं, पण मादी मारल्याशिवाय ती वेळ कळायची नाही. त्यांनी माणसाचं नाक तपासायचं छोटं उपकरण घेतलं, त्याने मादीच्या योनिमार्गातला स्राव रोज काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चक्राच्या प्रत्येक टप्प्यावर पेशी वेगळ्या दिसत होत्या. चार्ल्स स्टॉकार्ड यांच्यासोबत त्यांनी हे १९१७ साली प्रसिद्ध केलं. पुढे त्यांनी तीच पद्धत स्त्रियांसाठी वापरली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाहूल देणारी तपासणी त्यातून आली. आज आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ ज्याला ‘पॅप स्मीअर’ म्हणतात, त्यातला ‘पॅप’ म्हणजे पापानिकोलाऊ.

त्या १६ दिवसांत आत काय होतं? अंडाशयात बीज पिकू लागलं की इस्ट्रोजेन वाढत जातं. बीज सुटण्याच्या थोडं आधी प्रोजेस्टेरॉन चढतं. माजाचं वागणं दिसायला आधी पहिलं आणि मग दुसरं, असा क्रम लागतो. अमेरिकेत विल्यम यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात अंडाशय काढलेल्या माद्यांना ही दोन संप्रेरकं याच क्रमाने देऊन माज आणून दाखवला होता. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली, जी आपल्या कामाची आहे: माज सुरू होण्याच्या सुमाराला मादी स्वतः इतर माद्यांवर चढते.

ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. माजावर आलेली गाय इतर गाईंवर उडते, हे शेतकरी शेकडो वर्षं बघत आलाय. गिनी पिगमध्येही तसंच. जी घुमतेय, झुलतेय, चढतेय, तीच बऱ्याचदा माजावर असते. काही तासांत तिचा पवित्रा बदलतो. पाठीवर हात फिरवला की ती पाठ सपाट करते, मागचा भाग वर उचलते आणि तशीच थिजून राहते. काही माद्यांमध्ये मात्र, म्हशीसारखा, मुका माज असतो. आमची गोदा तशी. तिचा दिवस काशीच्या हुंगण्यावरून कळतो.

म्हणजे चढणं हा फक्त नरांचा मक्ता नाही. मादीच्या मेंदूत ते असतंच, संप्रेरकं ते कमी-जास्त करतात. कॅन्सस विद्यापीठात यंग यांच्याच गटाने १९५९ साली गाभण माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा त्यांच्या पोटच्या मुली मोठ्या झाल्यावर नरांसारख्या जास्त चढू लागल्या. औषध न देताही काहीसं असं घडतं, हे जर्मनीत नॉर्बर्ट साखसर आणि सिल्व्हिया कायझर यांनी दाखवलं. ज्या गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या माद्यांच्या गटात सारखी नवी तोंडं आणली जात होती, त्यांच्या मुलींमध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त आढळलं आणि नरांसारखं झुलणंही. या झुलण्याला ते संशोधक ‘रुंबा’ म्हणतात. तुमच्या घरची एखादी मादी जन्मापासूनच दांडगट असेल, तर तिच्या आईचे दिवस दुकानातल्या गर्दीच्या पिंजऱ्यात गेले असण्याची शक्यता मनात ठेवा. बिचारीला रागावून उपयोग नाही.

मग आपल्याला कसं कळावं, हा हुद्द्याचा माज की चक्राचा? भिंतीवरच्या कालनिर्णयवरून. दुधाचा हिशोब लिहितात तसं, ज्या रात्री घुमणं ऐकू आलं त्या तारखेला मी टिंब देते, काशीला निळं, गोदाला लाल. पहिल्या पावसाळ्यात निळी टिंबं पडली ३ जूनला, १९ जूनला, ५ जुलैला आणि २२ जुलैला. मधले दिवस शांत. हे चक्र आहे, त्यावर काही करायचं नसतं. एखादी रात्र गोदा वैतागते, सकाळी दोघी एकाच टोपलीत पाय पसरून झोपलेल्या असतात. टिंबं एकापाठोपाठ सलग आठवडाभर पडली आणि मग थांबली, तर ते हुद्द्याचं प्रकरण होतं. आणि टिंबं पडतच राहिली, थांबेचनात, तर तिसरं कारण शोधायचं.

हे तिसरं कारण मला सईमुळे कळलं. सई आमच्याकडे तीन वर्षांची असताना आली, तिच्या आधीच्या घरच्यांना परदेशी जायचं होतं म्हणून. शांत, खाण्यापिण्याला बरी, वजन ८२० ग्रॅम. चार महिन्यांनी ती रोज घुमू लागली. दोघींच्या मागे लागायची, चावायला धावायची. मी हुद्द्याचं समजून सोडून दिलं. मग एके दिवशी तिला मांडीवर घेतलं तर दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेले, डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे, आरशात बघावं तसे. खाली त्वचा गुळगुळीत, ना खाज ना खपली. स्तनाग्रं मात्र जाड आणि खडबडीत. जिथे पहिल्यांदा नेलं तिथे बुरशी समजून मलम मिळालं. तीन आठवडे मी ते इमानाने चोळत होते.

बुरशीत त्वचेवर खपल्या दिसतात, बहुधा नाकातोंडाजवळून सुरुवात होते. खरजेच्या किड्यांनी तर प्राणी खाजवून खाजवून हैराण होतो. खाज नसताना दोन्ही कुशींवर सारखेच केस जाणं आणि त्यासोबत सततचा माज, हे अंडाशयातल्या सिस्टचं लक्षण आहे. दीड वर्षावरच्या माद्यांमध्ये या पाण्याच्या गाठी अतिशय सामान्य आहेत. वेगवेगळ्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक माद्यांमध्ये त्या सापडल्यात. सगळ्याच त्रास देत नाहीत. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार संप्रेरकं बनवत नाही, तो नुसता वाढत जाऊन पोट दोन्ही बाजूंनी फुगवतो आणि खाण्यावर दाब आणतो. दुसरा प्रकार संप्रेरकं बनवतो, आणि मादी जणू कायमची माजावर अडकून पडते. तिच्या त्या दादागिरीला माज म्हणणंच चूक आहे. तिला स्वतःलाही त्यातून सुटका नसते.

निदान सोनोग्राफीने होतं. उपाय तीन. संप्रेरकाची इंजेक्शनं, जी फक्त दुसऱ्या प्रकारावर चालतात आणि परिणाम बऱ्याचदा तात्पुरता असतो. सुईने पाणी काढणं, ज्याने आराम पडतो पण गाठ पुन्हा भरते. आणि शस्त्रक्रियेने अंडाशय, शक्यतो गर्भाशयासकट, काढून टाकणं. कायमचा उपाय शेवटचाच. फक्त गिनी पिगला भूल देण्याचा सराव असलेला डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांवर उत्तम काम करणाऱ्या प्रत्येकाला तो असतोच असं नाही, आणि तसं सरळ विचारण्यात संकोच करू नका. दोन गोष्टी स्वतः लक्षात ठेवा. कुत्र्यासारखं याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नसतं, कारण याचं आतडं थांबलं की जीव धोक्यात येतो. आणि पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही आपल्या घरातली नेहमीची अँटिबायोटिक्स तोंडाने दिली तर गिनी पिग दगावू शकतो. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने काहीही आणू नका.

अजून एक गैरसमज, जो मी फार ठिकाणी ऐकला: मादीच्या गादीवर रक्त दिसलं की ‘तिची पाळी असेल’. गिनी पिगला पाळी येत नाही. कधीच नाही. रक्त म्हणजे मूत्राशयातला खडा, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा गर्भाशयाचा आजार. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आता रोजच्या माजाच्या रात्री घर शांत ठेवायचं कसं? निम्मं उत्तर जागेत आहे. दोघींना किमान साडेसात चौरस फूट सलग जमीन हवी, दहा असेल तर उत्तम. मजल्यांवर मजले नकोत, लांबी हवी, कारण पळून जाता आलं की भांडण होत नाही. प्रत्येक गोष्ट दोन-दोन: पाण्याच्या बाटल्या, गवताचे ढीग, खाण्याच्या वाट्या. आणि लपायच्या प्रत्येक घराला दोन दारं. एका दाराच्या घरात माजावर आलेली मादी दुसरीला कोंडते आणि मग तिला चावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मी बाजारातली सुंदर लाकडी घरं देऊन टाकली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांना दोन्हीकडून भोकं पाडली. नवीन मादी आणताना कुणाच्याच नसलेल्या जागी, गवताचा मोठा ढीग मध्ये घालून भेट घडवा. दोघींना एकत्र अंघोळ घातली की मैत्री होते असा सल्ला फिरतो, तो ऐकू नका. भिजून भेदरलेले दोन प्राणी एकमेकांना बिलगतात, त्याला मैत्री म्हणत नाहीत. तीन-चार माद्यांमध्ये कायमच धुसफूस असेल तर नसबंदी केलेला एक नर बऱ्याचदा घर निवळवतो. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे मात्र त्याला लांब ठेवावं लागतं.

मध्ये पडायचं ते कधी? केस ताठ उभे करून दोघी एकमेकींवर झेपावल्या, गोळा होऊन लोळू लागल्या, रक्त निघालं, तर. किंवा एकीला सतत कोंडून तिचं खाणं बंद पाडलं जात असेल तर. त्यासाठी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करा, आकडा खोटं बोलत नाही. भांडणात हात घालू नका. त्या क्षणी कुणाचा हात आहे हे त्यांना कळत नाही आणि दात हाडापर्यंत जातात. वरून जाड टॉवेल टाका, मग वेगळं करा.

सईची शस्त्रक्रिया झाली. एका अंडाशयावरची गाठ मोठ्या लिंबाएवढी होती. दोन दिवस तिला सिरिंजने भरवावं लागलं, तिसऱ्या दिवशी तिने स्वतः गवताची काडी उचलली. कुशींवर आधी राखाडी लव आली, दोन महिन्यांत केस पूर्ण भरले. तिचं घुमणं पहिल्या काही आठवड्यांतच थांबलं होतं. आता ती तिघींत मधल्या जागेवर आहे. काशीला वाट देते, गोदाकडून वाट घेते. कालनिर्णयवर तिच्या नावाचं हिरवं टिंब वर्षभरात एकही पडलेलं नाही. निळं मात्र परवाच पडलं, सोळाव्या दिवशी.